बॅटरीचे धातू आणि व्यापाऱ्याचे भांडवल

लेखक : एक घाऊक धान्य-व्यापारी सभासद, फ्रीगंज, उज्जैन

गेल्या काही वर्षांत आपल्या पेढ्यांवर काही नवी नावे वारंवार कानी पडू लागली आहेत. लिथियम, कोबाल्ट, निकेल, मँगनीज, ग्रॅफाइट ही ती नावे होत. सोयाबीनच्या तेजी-मंदीची चर्चा चालू असता एखादा तरुण सभासद मध्येच विचारतो की, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे युग आले आहे, तेव्हा त्यांच्या बॅटरीस लागणाऱ्या धातूंत रक्कम गुंतविली तर कसे? प्रश्न रास्त आहे. काळाची पावले ओळखणे हा व्यापाऱ्याचा धर्मच होय. तथापि गाड्या वाढणार हे खरे असले, तरी त्यावरून धातूचा भाव चढणार हे सिद्ध होत नाही. आणि भाव चढला तरी तो लाभ आपल्या वहीत जमा होईल, हे तर मुळीच सिद्ध होत नाही. या तीन गोष्टींतील अंतर उलगडून दाखविण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही धातूचे जाणकार नव्हे. आमचा जन्म गहू, हरभरा व सोयाबीन यांच्या गोण्यांत गेला. परंतु माल कोणताही असो, तो कोठून येतो, कोणास लागतो, किती दिवस टिकतो आणि वाटेत त्यास कोण अडवू शकतो, हे चार प्रश्न सर्वत्र सारखेच असतात. त्याच चार प्रश्नांच्या तराजूत हे नवे धातू तोलून पाहू.

बॅटरीत काय असते?

११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’चे उद्घाटन झाल्यापासून उज्जैनास येणाऱ्या यात्रेकरूंची संख्या फार वाढली, आणि त्याबरोबर विजेवर चालणाऱ्या रिक्षाही वाढल्या. टॉवर चौकात उभे राहिले असता त्यांची रांग दृष्टीस पडते. परंतु आपल्या देशातील अशा रिक्षांपैकी पुष्कळशा अद्याप शिशाच्या जुन्या बॅटरीवर चालतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिसे आणि गंधकाम्ल यांच्या योगाने पुनःपुन्हा भरता येणारी ही बॅटरी गॅस्टन प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केली. ती स्वस्त आहे, पण जड आहे. आणि मोटारीस लांब पल्ला गाठावयाचा असल्यास जडपणा परवडत नाही.

म्हणून लिथियमकडे लक्ष गेले. लिथियम हा सर्व धातूंत हलका. लिथियमच्या बॅटरीत दोन बाजू असतात. भरताना लिथियमचे विद्युत्भारित कण एका बाजूकडून दुसरीकडे जातात, आणि गाडी चालताना ते परत मूळ ठिकाणी येतात. दोन वखारींच्या दरम्यान हमालांनी तोच माल सतत नेआण करावा, तसा हा प्रकार होय. यांपैकी एक वखार ग्रॅफाइटची असते. दुसरी कधी निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांच्या मिश्रणाची, तर कधी लोह व फॉस्फेट यांची असते. ही दुसरी वखार कशाची, या एका प्रश्नावर कोट्यवधी रुपयांचे भवितव्य अवलंबून आहे, हे पुढे दिसेल. जपानच्या सोनी कंपनीने १९९१ मध्ये अशी बॅटरी प्रथम बाजारात आणली. आणि तिचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात विजेच्या एका मोटारीस लागणाऱ्या खनिजांचा नमुन्यादाखल हिशेब दिला आहे. त्यानुसार ग्रॅफाइट सुमारे ६६ किलो, तांबे ५३ किलो, निकेल ४० किलो, मँगनीज २४ किलो, कोबाल्ट १३ किलो आणि लिथियम अवघे ९ किलो लागते. ज्या धातूचे नाव बॅटरीस मिळाले, तोच वजनाने सर्वांत कमी आहे. नावावरून मालाची किंमत करू नये, हा पहिला धडा येथेच मिळतो.

लिथियमची तेजी आणि मंदी

लिथियमचा व्यवहार बहुधा शुद्ध धातूच्या रूपात होत नाही. तो लिथियम कार्बोनेट नावाच्या पांढऱ्या भुकटीच्या रूपात होतो. एक किलो लिथियमसाठी अशी सुमारे सव्वापाच किलो भुकटी लागते. ज्याप्रमाणे तुरीचा भाव व डाळीचा भाव यांत उतारा धरल्यावाचून तुलना करता येत नाही, त्याप्रमाणेच दगडाचा भाव, भुकटीचा भाव व धातूचा भाव हे तीन वेगळे आहेत. वृत्तपत्रात ‘लिथियमचा भाव’ असे वाचल्यास तो यांपैकी कोणता, हे प्रथम पाहावे.

चीनच्या बाजारात या भुकटीचा भाव नोव्हेंबर २०२२ मध्ये टनास सहा लाख युआनच्या जवळ पोहोचला होता. २०२३ च्या अखेरीस तो एक लाखाच्या आसपास उतरला आणि २०२५ च्या मध्यास साठ हजारांच्या घरात आला. म्हणजे अडीच-तीन वर्षांत रुपयाचे दहा पैसे झाले. त्यानंतर २०२५ च्या अखेरीस भाव पुन्हा चढला. विशेष असे की, या संपूर्ण मंदीच्या काळात विजेच्या गाड्यांचा खप जगभर वाढतच होता. गाड्या वाढल्या, मागणी वाढली, आणि तरीही भाव कोसळला!

याचे कारण माळव्यातील कोणताही लसूण-व्यापारी सांगू शकेल. एका वर्षी लसणास सोन्याचा भाव आला की पुढील वर्षी ज्याच्या-त्याच्या शेतात लसूण दिसतो. लिथियमचेही तसेच झाले. ऑस्ट्रेलियातील खडकांच्या खाणी वाढल्या, चिलीच्या अटाकामा वाळवंटातील मिठागरांतून अधिक माल निघू लागला, चीनच्या जियांगशी प्रांतात हलक्या प्रतीचा दगडही फोडला जाऊ लागला, आफ्रिकेतील झिंबाब्वेतून माल निघू लागला. एवढे सर्व पुरवठादार एकाच वेळी बाजारात उतरल्यावर भाव टिकावा कसा?

लसूण आणि खाण यांत एक फरक मात्र ध्यानी ठेवावा. शेतकरी एका हंगामात पीक बदलतो. खाण उभी राहण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि एकदा उभी राहिली की तिच्यावरील कर्ज व खर्च यांमुळे मालक तोट्यातही ती चालू ठेवतो. म्हणून या धातूंतील तेजीही लांबते आणि मंदीही लांबते. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कोअर लिथियम या कंपनीने फिनिस येथील खाणीचे खोदकाम थांबविले, तेव्हा ती खाण उत्पादनास लागून फार दिवस झाले नव्हते. तेजीच्या शिखरावर ज्यांनी अशा कंपन्यांचे भाग घेतले, त्यांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता दुसऱ्या बाजूने हिशेब पाहू. तीस युनिट वीज साठविणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटरीस ढोबळमानाने अठरा किलो भुकटी लागते. किलोस ६०० युआन भावाने ती १०,८०० युआनची झाली; ६० युआन भावाने अवघी १,०८० युआनची. म्हणजे खाणवाल्याच्या तोट्यात मोटार घेणाऱ्याचा नफा दडलेला असतो. विजेच्या गाड्या स्वस्त होऊन त्यांचा प्रसार व्हावा, अशी ज्याची इच्छा आहे, त्याने धातूचा भाव पडावा अशीच इच्छा धरली पाहिजे. गाड्यांचा उत्कर्ष आणि धातूची तेजी ही एकाच रथाची दोन चाके आहेत, असे समजणे भ्रामक होय.

चढा भाव आपला शत्रू आपणच निर्माण करतो

व्यापारात असे पुष्कळदा घडते की, एखादा माल फार महाग झाला की गिऱ्हाईक त्याच्यावाचून काम भागविण्यास शिकते. नीळ हे आपल्या देशाचे केवढे मोठे निर्यातीचे पीक होते! १८९७ मध्ये जर्मनीतील कारखान्याने रासायनिक नीळ विकण्यास आरंभ केला, आणि थोड्याच वर्षांत निळीची शेते ओसाड पडली.

कोबाल्टचा प्रकार असाच होय. २०१७ ते २०१८ च्या पूर्वार्धात कोबाल्टमध्ये मोठी तेजी झाली. कॅनडात कोबाल्ट-२७ नावाची एक कंपनी २०१७ मध्ये याच हेतूने पुढे आली की, लोकांकडून भांडवल घेऊन कोबाल्ट विकत घ्यावयाचे व वखारीत ठेवून द्यावयाचे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही साठेबाजीच होती. २०१८ मध्ये टनास ९० हजार डॉलरांच्या वर गेलेला भाव २०१९ च्या मध्यास त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरला, आणि त्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली. वखारीत माल तोच होता, तोल तोच होता. फक्त घेणारा बदलला होता. कारण महाग कोबाल्टला कंटाळलेल्या कारखानदारांनी कोबाल्ट कमी लागणाऱ्या बॅटऱ्या बनविण्याचा सपाटा लावला. लोह व फॉस्फेट यांची बॅटरी थोडी जड, परंतु स्वस्त व अधिक सुरक्षित. तीत कोबाल्ट नाही आणि निकेलही नाही. २०२४ मध्ये जगातील विजेच्या मोटारींच्या बॅटऱ्यांत हिचा वाटा जवळजवळ निम्मा झाला. आता लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या बॅटऱ्याही चीनमध्ये निघाल्या आहेत. सोडियम तर मिठातही असते. लिथियमचा भाव पुन्हा आकाशास भिडल्यास सोडियमवाल्यांचे फावेल, हे उघड आहे.

कोबाल्टच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. कोबाल्टसाठी म्हणून स्वतंत्र खाण क्वचितच असते. काँगो देशात तो तांब्याबरोबर निघतो आणि इंडोनेशियात निकेलबरोबर. सरकीचा विचार करा. सरकीचा भाव पडला म्हणून कोणी कापूस पेरण्याचे थांबवीत नाही. कापूस आला की सरकी येणारच. तांब्यास भाव चांगला असला की कोबाल्टही बाहेर पडतो, मग त्यास गिऱ्हाईक असो वा नसो. अशा जोडमालाच्या भावाचा अंदाज त्याच्या स्वतःच्या मागणीवरून बांधता येत नाही.

दूरच्या सरकारचा हुकूम

जगातील कोबाल्टच्या खाणकामापैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग एकट्या काँगोत होतो. भाव फारच उतरल्यामुळे त्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्यात बंद केली, पुढे मुदत वाढविली, आणि ऑक्टोबरपासून प्रत्येकास ठरीव कोटा लावून दिला. भाव वर्षअखेरीपर्यंत दुपटीहून अधिक झाला. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलचा कच्चा दगड बाहेर पाठविण्यास बंदी केली. परिणामी चिनी भांडवलाचे कारखाने तेथेच उभे राहिले व जगातील निम्म्याहून अधिक निकेल त्या एका देशातून येऊ लागले. ग्रॅफाइट शुद्ध करण्याचा धंदा बहुतांशी चीनच्या हाती आहे, आणि १ डिसेंबर २०२३ पासून त्या सरकारने ग्रॅफाइटच्या निर्यातीस परवान्याचे बंधन घातले.

माळव्याला हा अनुभव नवा नाही. एके काळी येथील अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि तिच्या वायद्यांवर उज्जैन-इंदुरातील पेढ्या तरत व बुडत. चीनची निर्यात १९१३ मध्ये थांबली. तो निर्णय ना माळव्याच्या शेतकऱ्याचा होता, ना येथील सराफाचा. इंदूरचे सर सेठ हुकुमचंद यांनी वायदेबाजारातून मिळविलेले भांडवल वेळीच कापडाच्या व तागाच्या गिरण्यांकडे वळविले. म्हणूनच त्यांचे नाव राहिले. एका मालात, एका गिऱ्हाइकावर व एका सरकारच्या मर्जीवर सर्वस्व टाकू नये, हा बोध त्या इतिहासातून घेता येतो.

येथे सरकारी हुकमाविषयी घरचाही दाखला देणे योग्य होईल. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने गहू, हरभरा, मूग, सोयाबीन इत्यादी सात जिनसांचे वायदे स्थगित केले व ती मुदत पुढे वेळोवेळी वाढविली. आपल्या डोळ्यांदेखत घडलेली ही गोष्ट आहे.

वायदा रद्द होतो तेव्हा

वायदेबाजाराचे नियम अढळ असतात, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने निकेलचा इतिहास वाचावा. लंडन मेटल एक्स्चेंज ही धातूंच्या व्यवहाराची जगातील अग्रगण्य पेढी. निकेलचे उत्पादन करणाऱ्या चीनमधील त्सिंगशान या बड्या उद्योगसमूहाने तेथे फार मोठी विक्री उभी केली होती. रशिया-युक्रेन युद्ध सुरू होताच भाव उसळला, विक्रीवाल्यांची कोंडी झाली, आणि ८ मार्च २०२२ रोजी निकेलने टनास एक लाख डॉलरांची मर्यादा ओलांडली. थोड्याच दिवसांपूर्वी तो तीस हजारांच्या आत होता. एक्स्चेंजने व्यवहार थांबविले, आणि त्या दिवशी झालेले सौदेही रद्द केले! ज्यांना त्या सौद्यांत नफा झाला होता ते न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये व अपिलात ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल एक्स्चेंजच्या बाजूने लागला. पुढे मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश नियामक संस्थेने एक्स्चेंजला ९२ लाख पौंडांचा दंड केला. पण रद्द झालेला नफा तो रद्दच राहिला.

पुढे इंडोनेशियाचा माल एवढा आला की निकेल पंधरा हजार डॉलरांच्या आसपास रेंगाळू लागले, आणि बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीनेही ऑस्ट्रेलियातील आपला निकेलचा कारभार ऑक्टोबर २०२४ पासून स्थगित केला.

आपल्या अंगणातील धातू

कित्येक सभासद म्हणतील की परदेशाचे राहू द्या, आपल्या देशात काय आहे ते सांगा. तेही पाहू.

नागपूर, भंडारा व बालाघाट या मराठीभाषी वा मराठीशी सीमा लागलेल्या जिल्ह्यांत मँगनीजचा मोठा पट्टा आहे. तेथील मॉईल या कंपनीचे मूळ १८९६ मध्ये स्थापन झालेल्या एका ब्रिटिश मंडळीत आहे. १९६२ मध्ये तिला सरकारी भागीदारीच्या कंपनीचे रूप आले, आणि डिसेंबर २०१० मध्ये तिचे भाग शेअरबाजारात आले. बालाघाटची भरवेली खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे कोरड्या बॅटरीस लागणारे मँगनीज डायऑक्साइडही तयार होते. हे वाचून कोणासही वाटेल की मॉईल म्हणजे बॅटरीची कंपनी! परंतु जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी सुमारे नव्वद टक्के पोलादाच्या भट्टीत जाते. तेव्हा तिचे नशीब पोलादाशी बांधलेले आहे. बॅटरीचा वाटा त्यात लहानच. निकेलचेही मुख्य गिऱ्हाईक न गंजणारे पोलाद हेच होय. कंपनीचा मोठा ग्राहक कोण, हे तपासल्यावाचून तिला ‘बॅटरीचा शेअर’ म्हणणे म्हणजे गव्हाच्या आडत्यास बिस्किटवाला म्हणण्यासारखे आहे.

बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या १९६७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण आहे. तांबे गाडीस लागते, तसेच ते तारेस, पंख्यास, घरास व वीजकेंद्रासही लागते. एका गिऱ्हाइकाने पाठ फिरविली तरी तांब्याचे दुकान बंद पडत नाही. हे त्याचे बळ होय. आपल्या मध्यप्रदेशात अलीराजपूर जिल्ह्यातील ग्रॅफाइटचा एक पट्टाही केंद्र सरकारने लिलावास काढला आहे.

लिथियमविषयी मात्र फार सावधपणे बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा साठा असल्याचे जाहीर झाले, आणि भारत लिथियमचा सम्राट होणार असे मथळे झळकले. परंतु तो आकडा लिथियम धातूचा नसून लिथियमयुक्त दगडाचा होता, आणि तोही प्राथमिक पाहणीतील अनुमानाचा होता. उभ्या पिकाकडे बांधावरून पाहून पोत्यांचा आकडा सांगण्यासारखे ते होय. त्या पट्ट्याचा लिलाव पुरेसे बोलीदार न मिळाल्याने मार्च २०२४ मध्ये रद्द करावा लागला. जाणते खाणमालक ज्या ठिकाणी बोली लावण्यास कचरले, त्या ठिकाणच्या बातमीवर आपण शेअर खरेदी करावे काय? छत्तीसगढमधील कोरबा जिल्ह्याच्या कटघोरा येथील पट्ट्याचा लिलाव मात्र २०२४ मध्ये यशस्वी झाला. शिवाय खनिज बिदेश इंडिया या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात पाच पट्ट्यांचा करार केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या खनिज मोहिमेस मान्यता दिली. हे उपक्रम स्तुत्य आहेत. परंतु त्यांचे फळ येण्यास वर्षे लागतील, आणि राष्ट्राचे हित व भागधारकाचा नफा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

रक्कम घालण्याचे मार्ग

पहिला मार्ग माल घेऊन ठेवण्याचा. तो आपल्यासाठी नव्हे. बॅटरीसाठी लागणारे लिथियम कार्बोनेट किमान साडेनव्व्याण्णव टक्के शुद्ध असावे लागते. लिथियम हायड्रॉक्साइड तर हवेतील ओल व वायू शोषून बिघडते. कारखानदार ठरावीक पुरवठादाराचा माल महिनोन्‌महिने पारखून मगच घेतो. अनोळखी वखारीतील पिंप त्याच्या दारात कोणी उतरवूनही घेणार नाही. सोने मोडता येते, गहू विकता येतो. या भुकटीस मंडी नाही.

दुसरा मार्ग वायद्याचा. मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजवर तांबे, ॲल्युमिनियम, जस्त, शिसे अशा धातूंचे व्यवहार होतात. लिथियम व कोबाल्ट यांचे नाहीत. तांब्याचा एक सौदा अडीच टनांचा असतो. भाव किलोस ९०० रुपये धरला तर तो साडेबावीस लाखांचा झाला. त्यावर समजा दहा टक्के म्हणजे सव्वादोन लाख रुपये अनामत भरली. भाव किलोमागे एक रुपयाने हलला की अडीच हजारांचा फरक पडतो. नव्वद रुपयांनी पडला की संपूर्ण अनामत गेली. तांब्याची भांडी वा तारा बनविणाऱ्यास हा वायदा ढालीसारखा उपयोगी आहे. ज्याच्या घरी तांबे नाही व लागतही नाही, त्याच्या हातात ती ढाल नसून तलवार आहे, आणि तिला मूठ नाही.

तिसरा मार्ग कंपन्यांच्या भागांचा. येथे वार्षिक अहवाल वाचणे हाच उपाय. कंपनी प्रत्यक्ष माल काढते की काढण्याचा मानस बाळगते? मुख्य गिऱ्हाईक कोण? कर्ज किती? मंदीच्या तळाशी असलेल्या भावातही तिचा खर्च निघतो काय? या चारांची उत्तरे मिळाल्यावरच पाचवा प्रश्न, म्हणजे भावाचा, विचारावा.

चौथा मार्ग परदेशी फंडांचा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार प्रत्येक रहिवाशास वर्षास अडीच लाख डॉलरांपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. मात्र परदेशी वायदेबाजारात अनामत भरण्यासाठी ती पाठविता येत नाही. एप्रिल २०२५ पासून अशा गुंतवणुकीसाठी दहा लाखांच्या वर पाठविलेल्या रकमेवर वीस टक्के कर आगाऊ कापला जातो. तो पुढे हिशेबात वळता होतो, पण तोपर्यंत रोकड अडकते.

पाचवा मार्ग हा मार्ग नसून खड्डा आहे. ‘लिथियमच्या खाणीत पैसे लावा, दरमहा इतके टक्के निश्चित मिळवा’ असे सांगत कोणी घरी आला तर त्यास चहा पाजून निरोप द्यावा. ज्या मालाचा भाव तीन वर्षांत दशांशावर येतो, त्यातून दरमहा ठरीव व्याज देणे कोणत्याही प्रामाणिक माणसास शक्य नाही. नोंदणी नसलेल्या अशा ठेव-योजनांस २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. घरातील वृद्ध व भगिनी यांच्या कानी ही गोष्ट अवश्य घालावी, कारण असे गृहस्थ दुकानात न येता दुपारी घरी येतात.

भंगाराचा धंदा

या सर्व विषयात आपल्या स्वभावास व अनुभवास जवळचा असा एक भाग आहे, तो म्हणजे जुन्या बॅटऱ्यांचा. शिशाची बॅटरी संपली की ती टाकली जात नाही. नवी घेताना जुनीचे पैसे वळते होतात, आणि तेच शिसे वितळून पुन्हा नव्या बॅटरीत जाते. लिथियमच्या बॅटरीतील तांबे, निकेल, कोबाल्ट व लिथियमही परत काढता येतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात लिथियम बॅटरीच्या भंगारावरील आयात-जकात माफ झाली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन-योजना मंजूर झाली. गोळा करणे, पारखणे, तोलणे, वेळेवर पैसे देणे हे आपले पिढीजात काम आहे. मात्र यासाठी प्रदूषण-मंडळाची नोंदणी लागते. शिशाचा धूर विषारी असतो, आणि चेपलेली लिथियमची बॅटरी आपोआप पेट घेते. धान्याच्या वखारीच्या आसपासही तिला जागा देऊ नये.

माल कोणाच्या हातून आला, हेही पाहिले पाहिजे. काँगोतील काही हातखाणींत लहान मुले कोबाल्ट वेचतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने २०१६ मध्ये जगापुढे मांडले. नफ्याच्या बाजूस लिहिताना हा आकडा वहीत कोठे धरावयाचा, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

आपल्या रोकडीचा विचार

शेवटी मुद्द्याची गोष्ट. आपला धंदा रोकडीवर चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन येते, फाल्गुन-चैत्रात गहू येतो, आणि मंडीच्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याची रक्कम त्याच दिवशी चुकती करावी लागते. धातूची मंदी आपला हंगाम पाहून येत नाही. ज्या दिवशी मंडीत गाड्या लागल्या आहेत, त्या दिवशी आपली रक्कम पडलेल्या भावात अडकली असेल, तर दोनच वाटा उरतात: तोट्यात विकणे किंवा शेतकऱ्यास ‘उद्या या’ म्हणणे. पहिलीत पैसा जातो. दुसरीत पत जाते, आणि गेलेली पत कोणत्याही एक्स्चेंजवर विकत मिळत नाही.

म्हणून आमचे मत थोडक्यात असे आहे. दुकानाचे खेळते भांडवल, मुलीच्या लग्नाची वा मुलाच्या शिक्षणाची तरतूद आणि दुसऱ्याची ठेव यांतील एक पैही या धातूंत घालू नये. त्यापलीकडे जी रक्कम पाच-सात वर्षे हात न लावता राहू शकते, तिचा एक लहान हिस्सा ज्यास घालावयाचा असेल त्याने घालावा. परंतु एका धातूवर नव्हे, तेजीच्या मथळ्यावर नव्हे, आणि उसन्या पैशांनी तर कदापि नव्हे. ज्या धातूस गिऱ्हाइके अनेक आहेत, त्यास प्राधान्य द्यावे. ज्यास एकच गिऱ्हाईक, एकच खाणदेश व स्वस्त पर्याय आहे, त्यापासून दूर राहावे.

विजेच्या गाड्या येणार, आणि त्या आल्याने देशाचे कल्याणच होईल. त्यांच्या आगमनाचे स्वागत करण्यासाठी प्रत्येकाने खाणमालक झालेच पाहिजे, असे नाही. सभासद बंधूंनी व त्यांच्या कुटुंबीयांनी या विषयाचा शांतपणे विचार करावा, शंका असल्यास आपसांत चर्चा करावी, आणि तरुणांच्या उत्साहास वडीलधाऱ्यांच्या हिशेबाची जोड द्यावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.